फ्रीलान्स वेब डिझाइनचं पहिलं काम : होकारापासून ताबा देईपर्यंत

वेब डिझाइन शिकवणारे क्लास आता तालुक्याच्या गावीही आहेत. एचटीएमएल, सीएसएस, फिग्मा, वर्डप्रेस हे सगळं तिथे नीट शिकवतात. दोन-तीन नमुना साइट बनवून मुलं-मुली बाहेर पडतात, कुणाच्या तरी ओळखीतून पहिलं काम येतं, आणि मग अडचणी भलत्याच दिशेने सुरू होतात. ग्राहक मजकूर देत नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घ्यायचं ते कळत नाही. मराठी अक्षरं फोनवर तुटलेली दिसतात. पैसे "पुढच्या आठवड्यात टाकतो"वर अडकतात.

हा लेख त्या भागाबद्दल आहे. त्यामागे माझा एकच आग्रह आहे : साइट ग्राहकाची आहे, तुमची नाही. डोमेन, पासवर्ड, मजकूर, हक्क या सगळ्या बाबतींत हे पहिल्या दिवसापासून मान्य केलं की निम्मे तंटे उद्भवतच नाहीत. ग्राहक अडकून पडला म्हणून तुमच्याकडे थांबू नये, काम आवडलं म्हणून परत यावा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू : देवगडचे एक आंबा बागायतदार. साठीचे गृहस्थ, मुलगा मुंबईत नोकरीला, गिऱ्हाईक मुख्यतः मुंबई-पुण्याचं. त्यांना साइट हवी आहे.

१. आकडा सांगण्याआधी विचारा

फोनवर पहिला प्रश्न येतो, "किती होतील?" लगेच आकडा सांगू नका. "काका, आधी थोडं विचारून घेते, मग उद्या लिहून पाठवते," एवढं म्हणा. कुणालाही याचा राग येत नाही.

मग विचारायचं : साइटवर आलेल्या माणसाने नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? आत्ता ऑर्डर कशा येतात? डझनावर विकता की पेटीवर? हंगामात दर कितीदा बदलतो? माल पोहोचवता कसा, खासगी बसने, कुरिअरने की स्वतःच्या टेंपोने? फळ खराब निघालं तर काय करता?

या उत्तरांतून साइटचा आराखडा तयार होतो. आंब्याचा दर हंगामाच्या सुरुवातीला एक आणि मे महिन्यात वेगळाच असतो. म्हणजे दर बदलायची सोय काकांच्या स्वतःच्या हातात, फोनवरून दोन मिनिटांत जमेल अशी हवी. ऐंशी टक्के ऑर्डर व्हॉट्सॲपवर, जुन्या गिऱ्हाइकांकडून येत असतील, तर पूर्ण ऑनलाइन दुकानाची गरज कदाचित नाहीच. पाच पानांची साइट, दराचा ठळक फलक आणि व्हॉट्सॲपचं बटण पुरेल. तसं असेल तर ते स्पष्ट सांगा. काम लहान होतं खरं, पण ते उपयोगी पडतं, आणि उपयोगी पडलेल्या साइटचा मालक तुमचं नाव चार जणांना सांगतो.

वेळेचं गणितही याच वेळी मांडायचं. हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे. साइट फेब्रुवारीच्या सुरुवातीला चालू हवी, म्हणजे काम नोव्हेंबर-डिसेंबरात हातात घ्यायला हवं. मार्चमध्ये फोन करणाऱ्या बागायतदाराला घाईची साइट विकण्यापेक्षा दराचं एक पान आणि गुगल बिझनेस प्रोफाइल करून द्या, बाकीचं पावसाळ्यानंतर. प्रत्येक धंद्याची अशी दिनदर्शिका असते. क्लासवाल्यांना दहावी-बारावीच्या निकालाआधी साइट हवी असते, कोकणातल्या घरगुती निवासवाल्यांना दिवाळीच्या सुट्टीआधी, कापडवाल्यांना दसऱ्याआधी. पितृपक्षात बरेच ग्राहक नवीन काम सुरू करत नाहीत, आणि उद्घाटन पाडव्याला, अक्षय तृतीयेला किंवा दसऱ्याला हवं असतं. त्या भावनेचा मान ठेवा. मी साइट आठवडाभर आधीच गाजावाजा न करता चालू करते, सगळ्या फोनांवर तपासते आणि मुहूर्ताच्या दिवशी फक्त जाहीर करायला सांगते. मुहूर्तही साधतो आणि ऐनवेळची धावपळही होत नाही.

२. दर कसा काढायचा

शेजारचा किती घेतो हे बघून दर ठरवू नका. स्वतःचा खर्च मांडा. एक नमुना हिशेब : घरखर्च, भाडं, इंटरनेट, विमा, लॅपटॉपची झीज आणि कर धरून महिन्याला ४५,००० रुपये लागतात असं समजा. महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. पण फोन, कोटेशन, बिलं, नवीन शिकणं यात जवळजवळ निम्मा वेळ जातो. पैसे मिळवून देणारे तास उरतात ९०. म्हणजे तासाला ५०० रुपये हा तुमचा तळ. पाच पानांच्या मराठी साइटला, ग्राहकाला समजावण्याचा वेळ धरून, ५० ते ६० तास जात असतील, तर २५,००० ते ३०,००० रुपयांच्या खाली गेल्यास तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घालत आहात. तुमचे आकडे वेगळे येतील. पद्धत हीच ठेवा.

"आमच्याकडे एक जण पाच हजारात करून देतो," हे वाक्य येणारच. त्यावर वाद घालू नका आणि दरही पाडू नका. काम कमी करा. "पाच पानांऐवजी एकच पान करू, फोटो तुम्हीच काढा, इंग्रजी आवृत्ती पुढच्या वर्षी," असं म्हणून तेवढ्या कामाचा आकडा सांगा. तासाचा दर एकदा खाली आणला की तो त्या ग्राहकापाशी पुन्हा वर जात नाही, आणि त्याने पाठवलेल्या माणसांपाशीही नाही.

३. लेखी कागद

दीड-दोन पानांचा करार पुरतो, पण तो मराठीत आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत हवा. त्यात हे असू द्या : पानं किती, बदलांच्या फेऱ्या किती (मी दोन ठेवते), त्यापुढच्या बदलाला तासाचा दर किती, मजकूर आणि फोटो कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. आणि नवखे हमखास विसरतात ती ओळ : मजकूर ३० दिवसांत आला नाही तर काम बाजूला ठेवलं जाईल, आणि तोवर झालेल्या कामाचे पैसे देय राहतील. साइट रखडण्याचं सर्वांत मोठं कारण न आलेला मजकूर हेच असतं. ही ओळ नसेल तर त्या रखडण्याचा सगळा भार तुमच्यावर येतो.

पैशांचे हप्ते ४०-४०-२० ठेवा. सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर ४०, आणि साइट ग्राहकाच्या डोमेनवर चालू करण्याआधी उरलेले २०. शेवटचा हप्ता "चालू झाल्यावर" असा लिहू नका, "चालू करण्याआधी" असाच लिहा.

हक्कांचं कलम जरूर घाला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो. म्हणजे पैसे देऊनही डिझाइनचा हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. शिवाय कलम १९ सांगतं की हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून स्वच्छ लिहा : "पूर्ण रक्कम मिळाल्यावर या साइटच्या डिझाइनचे सर्व हक्क, कायमस्वरूपी आणि जगभरासाठी, ग्राहकाकडे." त्याखाली दोघांच्या सह्या. थीम, प्लगइन आणि फाँट यांचे परवाने ज्याचे त्याचे, हेही एका ओळीत नोंदवा. कामाचा नमुना तुमच्या साइटवर दाखवायची परवानगीही इथेच मागून घ्या.

बाकीच्या अटींना ईमेलवरचा होकारही चालतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १० ए इलेक्ट्रॉनिक करार मान्य करतं. पण काकांशी खरं बोलणं होतं फोनवर. म्हणून फोन ठेवल्यावर त्याच दिवशी असा निरोप पाठवा :

"नमस्कार काका, आत्ता ठरलं ते लिहून ठेवते. एक : बागेचे फोटो तुम्ही १० तारखेपर्यंत पाठवणार. दोन : दर फक्त डझनाचे दाखवायचे, पेटीचे नाहीत. तीन : इंग्रजी पान वाढलं, त्याचे ४,००० रुपये वेगळे. बरोबर असेल तर फक्त 'हो' लिहा."

त्या एका 'हो'ने पुढचे कितीतरी वाद वाचतात. पैसे वाढवणारा बदल तर असा लिहून घेतल्याशिवाय सुरूच करू नका.

४. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्याच नावावर

डोमेनचं खातं ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या फोनवर आणि ग्राहकाच्या पैशांनी उघडा. काकांना ओटीपी विचारत बसावं लागेल, अर्धा तास जास्त जाईल, तरीही. "तुम्हीच घ्या ना तुमच्या नावावर, आम्हाला काही कळत नाही," असं ते म्हणतील, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. उद्या तुम्ही हे काम सोडलं, आजारी पडलात, फोन नंबर बदलला, तर त्यांच्या धंद्याचा पत्ता तुमच्या खात्यात अडकलेला राहील. मुंबईतल्या मुलाचा ईमेल दुसरा संपर्क म्हणून घाला.

डॉट इन की डॉट कॉम? स्थानिक धंद्याला दोन्ही चालतात. परवडलं तर दोन्ही घ्यावीत आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवावं. देवनागरीतलं डॉट भारत डोमेनही मिळतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पण गिऱ्हाईक फोनवर पत्ता ऐकून टाइप करतं, म्हणून ते जोडीला ठेवा, एकमेव ठेवू नका. नाव बोलून बघा : फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला स्पेलिंग विचारावं लागलं, तर नाव बदला.

होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत, नवखे फसतात ते पहिल्या वर्षाच्या सवलतीला. जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो, नूतनीकरणाचा दर अनेकदा त्याच्या दुप्पट-तिप्पट. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे लिहा. सर्व्हर मुंबईत निवडता येत असेल तर तो निवडा. आणि डोमेन, होस्टिंगच्या मुदती तुमच्या कॅलेंडरमध्ये ३० दिवस आधीच्या तारखेला टाकून ठेवा. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात बंद पडलेली साइट काकांच्या लक्षात कायम राहील, चूक कुणाचीही असो.

५. मजकूर आणि फोटो मिळवणं

"मजकूर पाठवा" असं म्हणून मजकूर येत नाही. कोऱ्या कागदासमोर धंद्यातला माणूस अडतो, पण बोलायला लावलं तर तासभर बोलतो. म्हणून परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि प्रश्न विचारा. कलमं कधीची? फळ उतरवता कसं? पिकवायला पेंढ्यात किती दिवस ठेवता? देवगडचा आंबा ओळखायचा कसा? त्यांच्याच शब्दांत लिहा. "दर्जेदार उत्पादने व ग्राहक समाधान हेच आमचे ध्येय" असल्या वाक्यांपेक्षा "आडी (पिकवायला पेंढ्यात रचलेले आंबे) कधी लावली ते पेटीवर लिहून देतो" हे एक वाक्य जास्त आंबे विकतं.

भौगोलिक मानांकनाचं बोधचिन्ह टाका असं ते म्हणतील. हापूसला ते २०१८ साली मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. पण ते वापरायला त्या बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असावी लागते. आधी प्रमाणपत्र मागा, मगच चिन्ह लावा. 'सेंद्रिय' हा शब्दही तसाच, कागद असेल तरच.

फोटो त्यांच्याच बागेचे हवेत. फुकट फोटोंच्या साइटवरचे आंबे बहुतेक वेळा हापूस नसतातच, आणि हापूस खाणाऱ्याला ते एका नजरेत कळतं. सकाळी ऊन कोवळं असताना, फोन आडवा धरून, फ्लॅश न वापरता काढा, एवढी सूचना दिली तरी बरेच चांगले फोटो येतात. आणि ते व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकार कमी होऊन येतात.

जुनी माहितीपत्रकं असतील तर ती कुठल्यातरी डीटीपी ऑपरेटरकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आलेली असतील. ती तशीच चिकटवली तर साइटवर अगम्य चिन्हं दिसतात, कारण तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या संकेतांत, नसतो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रूपांतरानंतर एकदा ओळीओळीने वाचून काढा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

६. मराठी अक्षरांची काळजी

या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण मराठी साइटवर सर्वांत जास्त हयगय इथेच होते. इंग्रजी टेंप्लेट घेऊन त्यात मराठी ओतली की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

फाँट निवडताना त्यात ही ओळ टाइप करून बघा : "दुसऱ्या दिवशी कऱ्हाडहून ऑर्डर, ॲप, ऱ्हस्व, फळ, शाळा, लाल, ज्ञान, श्री, ₹ ४५०". 'दुसऱ्या'मधला अर्धा र नीट दिसतो का? तो रफारासारखा वर गेला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. 'ॲ' हे अक्षर काही जुन्या फाँटमध्ये नसतंच, तिथे चौकोन दिसतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत. काही फाँटमध्ये दोन्ही असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवलं तरच मराठी वळण उमटतं. एचटीएमएलच्या भाषेच्या गुणधर्मात मराठीचा 'एमआर' हा संकेत लिहायला दहा सेकंद लागतात. टेंप्लेटमध्ये तिथे इंग्रजीचा संकेत असतो आणि तो कुणी बदलतच नाही. दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही याच संकेतावरून कळतं की मजकूर मराठी म्हणून वाचायचा.

फुकट आणि चांगले फाँट भरपूर आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गुगलचा नोटो सान्स देवनागरी, आणि लांब मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी, जो नावाप्रमाणे मराठीसाठीच घडवलेला आहे. एका साइटवर दोनच्या वर वापरू नका आणि लागतील तेवढीच वजनं (अक्षरांची जाड-बारीक रूपं) भरा. देवनागरी फाँटच्या फाइली इंग्रजीपेक्षा जड असतात.

आता मांडणी. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन आहे. ते देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते अंतर मराठीसाठी शून्य ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीत दीडपट चालतं, मराठीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांसाठी जास्त लागतं, मी १.७ पासून सुरुवात करते. अक्षरांचा आकारही इंग्रजीपेक्षा थोडा मोठा, फोनवर १७-१८ पिक्सेल. मराठी शब्द लांब असतात : 'आमच्याबद्दल', 'संपर्कासाठी', 'मागणी नोंदवा'. बटणांची रुंदी इंग्रजी शब्दांवर ठरवली तर ती फुटतात, म्हणून डिझाइन करताना पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूरच वापरा.

पानांचे पत्ते मात्र रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना तो फसवा दुवा वाटतो. शिवाय मराठी माणूसही गुगलवर बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप करून शोधतो, म्हणून पानाच्या शीर्षकात मराठीसोबत ते नाव रोमन लिपीतही असू द्या.

७. बांधताना फोन आधी

काकांचं गिऱ्हाईक साइट उघडणार ते लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर. आधी फोनचं डिझाइन करा, मग लॅपटॉपचं. फोन नंबरवर बोट लावलं की फोन लागला पाहिजे. व्हॉट्सॲपच्या बटणातून निरोप आधीच लिहिलेला जावा : "मला हापूसची माहिती हवी आहे."

आंब्याच्या साइटवर पिवळा-केशरी रंग येणारच. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत. वाचनीयतेच्या जागतिक निकषात साध्या मजकुराला ४.५ : १ इतका रंगभेद सांगितला आहे. पिवळा पार्श्वभूमीला वापरा आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरं घ्या. काकांच्या वयाचं गिऱ्हाईक भर उन्हात उभं राहून दर वाचणार आहे.

वेगासाठी गुगलचे तीन आकडे लक्षात ठेवा : पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान भरताना मजकूर उड्या मारू नये (ते मोजमाप ०.१ च्या आत). बहुतेक साइट मंद असतात त्या फोटोंमुळे. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात आणून दीड-दोनशे केबीवर आणा. तपासणी स्वतःच्या महागड्या फोनवर न करता घरातल्या सर्वांत जुन्या अँड्रॉइडवर, वायफाय बंद करून करा.

वर्डप्रेस वापरत असाल तर प्लगइन मोजकी ठेवा. पैसे देऊन घ्यायची थीम कुणी "फुकट फाइल आहे माझ्याकडे" म्हणून दिली तर घेऊ नका, तसल्या फाइलींत बऱ्याचदा घुसखोरीचा कोड लपवलेला असतो. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवे कंपन्या खातं मंजूर करण्याआधी साइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि पूर्ण पत्ता ही पानं मागतात. परताव्याचं पान नाशवंत मालासाठी विचारपूर्वक लिहा : खराब फळाचा फोटो किती तासांत पाठवायचा, बदल्यात फळ मिळणार की पैसे. हे काकांशी बोलून ठरवा, दुसऱ्या साइटवरून उचलू नका.

८. बिल, कर आणि थकलेले पैसे

सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी. नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के लावू नका, ते बेकायदा आहे. परदेशी कामाची उलाढालही त्या २० लाखांत मोजली जाते. नोंदणी झाल्यावर परदेशी कामाला हमीपत्र भरून करमुक्त बिल करता येतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा.

कंपनी ग्राहक असेल तर ती टीडीएस, म्हणजे तुमच्या प्राप्तिकराचा आगाऊ भाग, कापून पैसे देऊ शकते. त्याचा दर कामाच्या स्वरूपानुसार ठरतो. ते पैसे बुडालेले नसतात. प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतात का ते दर तिमाहीला बघा. दिसत नसतील तर लगेच कळवा, कारण वर्षानंतर कुणी दाद देत नाही. छोट्या व्यावसायिकांसाठी अनुमानित करआकारणीची सोय आहे. ठरावीक व्यवसायांत ५० लाखांपर्यंतच्या जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरला जातो आणि खर्चाच्या पावत्यांचा हिशेब दाखवावा लागत नाही. तुमचं काम त्यात बसतं का, आणि महाराष्ट्राचा २,५०० रुपयांचा वार्षिक व्यवसाय कर तुम्हाला लागू होतो का, हे सीएला एकदा नीट विचारून घ्या. पहिल्याच वर्षी सीएला दिलेली फी वाया जात नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, मात्र आजच करा. ती आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, फुकट होते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारातल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. आणि हिशेब रीतसर ठेवणाऱ्या कंपन्यांना आणखी एक धाक आहे : मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्चअखेरीस हिशेब विभाग तेवढ्यासाठी तुमचं बिल आधी काढतो. नोंदणी काम देण्याआधीची असली पाहिजे, एवढं मात्र सांभाळा.

काकांसारख्या माणसाला कायद्याची भाषा बोलायची गरज पडत नाही. तिथे हप्त्यांची शिस्त पुरते. मागणी साधी ठेवा : "काका, डिझाइन मंजूर झालं, ठरल्याप्रमाणे दुसरा हप्ता पाठवा, मी सोमवारी पुढचं काम सुरू करते." पैसे मागताना माफीच्या सुरात बोलू नका.

९. दिवस कसा लावायचा

डिझाइन आणि कोड सकाळी, फोन बंद ठेवून. दुकानदार ग्राहक दुपारी मोकळे असतात, त्यांचे फोन तेव्हा. बिलं आणि पाठपुरावा शुक्रवारी. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तसा तुमच्या गावचा वार कोणता ते माहीत असू द्या, आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

घरून काम करताना सर्वांत अवघड असतं ते घरच्यांना समजावणं. "घरीच आहेस ना, मग सिलिंडर येईल तेव्हा बघ, बँकेत जाऊन ये." एक-दोनदा ठीक आहे. पण कामाचे तास घरात सांगून ठेवा आणि त्या तासांत दार लोटून बसा. आईवडिलांना पहिल्या साइटचा पत्ता उघडून दाखवा, त्यांनी ती नातेवाइकांना पाठवू द्या. कामाबद्दलचा विश्वास तिथून तयार होतो. या कामात पीएफ नाही, पगारी रजा नाही, म्हणून आरोग्य विमा पहिल्या वर्षीच घ्या, आणि येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरावीक भाग कर आणि अडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाका.

१०. ताबा आणि पुढचं वर्ष

शेवटचा हप्ता आला, साइट चालू झाली. आता एक कागद तयार करा : डोमेन कुठे घेतलं, होस्टिंग कुठे, मुदती कधी संपतात, लॉगिन कोणकोणते, बॅकअप कुठे असतो, दर कसा बदलायचा. पासवर्ड कागदावर लिहू नका, काकांकडून त्यांच्या समोर बदलून घ्या. दर बदलायची कृती त्यांच्याच फोनवर त्यांच्या हाताने दोनदा करून घ्या आणि तीच स्क्रीन रेकॉर्ड करून दोन मिनिटांचा मराठी व्हिडिओ पाठवा. पुढच्या हंगामात ते तुम्हाला दर बदलायला फोन करणार नाहीत.

तरीही वर्षभराची देखभाल लागतेच. तिला सगळे एएमसी म्हणतात, तोच शब्द वापरा. त्यात काय येतं ते मोजून लिहा : महिन्यातून एकदा अपडेट, आठवड्याला बॅकअप, महिन्याला एक तासाचे छोटे बदल. नवीन पान, नवीन भाषा हे वेगळं काम. एएमसी घ्यायची की नाही हे ग्राहकावर सोडा. नाही घेतली तरी पासवर्ड त्यांच्याकडे आहेत, बॅकअप त्यांच्याकडे आहे.

हंगाम संपल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक फोन करा. साइटवरून किती चौकश्या आल्या, गिऱ्हाईक काय विचारत होतं, कुठे अडत होतं, ते टिपून घ्या. "मुंबईत कोणत्या दिवशी माल मिळेल?" हा प्रश्न वारंवार आला असेल तर पुढच्या वर्षी पहिल्या पानावर वारांचा तक्ता टाकायचा. नोव्हेंबर उजाडला की डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण आणि त्या तक्त्याचं कोटेशन एकाच निरोपात पाठवा.